कोनला गेलेला पिचर

खांदा कॉलनीतल्या एका कॅफेत मी कॉफी करायला शिकले, ती माझ्याबरोबर काम करणाऱ्या एका मुलीकडून. ती पनवेलजवळच्या कोन गावची, माझ्याहून दोन वर्षांनी लहान. पण कॉफीवर दुधाचं पान काढण्यात तिचा हात कुणी धरू शकत नसे. माझं पान नेहमी कांद्यासारखं व्हायचं. एकदा तिनं माझा पिचर, म्हणजे दूध तापवून ओतायचा स्टीलचा मग, उलटसुलट करून बघितला आणि म्हणाली की दोष हाताचा नाही, याची चोच बोथट आहे.

मग ती मला पनवेलच्या बाजारात घेऊन गेली. दुकानदाराकडे पाणी मागितलं आणि एकेक पिचर भरून पायरीवर ओतून बघितला. तो वैतागला, पण तिनं घाई केली नाही. ज्यांची धार बारीक पडली आणि थांबवल्यावर थेंब चोचीखालून ओघळला नाही, असे दोन तिनं निवडले. एक तिला, एक मला. ओळखू यावा म्हणून स्वतःच्या पिचरच्या बुडाला तिनं खिळ्यानं रेघ ओढली. निगाही तिनंच शिकवली. दूध ओतलं की लगेच धुवायचा, तारेची घासणी लावायची नाही, पुसायचं फडकं वेगळं ठेवायचं.

दिवाळीनंतर एका सकाळी ती स्कूटरवरून कामाला निघाली आणि हायवेवर ट्रकखाली गेली. मी कॅफे उघडून तिची वाट बघत होते.

पंधरा दिवसांनी मी तिचा पिचर वापरायला काढला. का, ते मला नीट सांगता येत नाही. पहिल्याच कपावर पान उमटलं, अगदी तिच्यासारखं, देठाशी किंचित डावीकडे झुकलेलं. त्यानंतर दूध तापवताना ती माझ्या मागे उभी आहे असं सारखं वाटायचं. मी वळून बघायची. मागे फक्त फ्रिज असायचा. तरी मी तो पिचर ठेवून दिला नाही.

महिन्याभरानं तिची आई आली. काउंटरशी उभी राहून हळूच म्हणाली, "बाय, माझी पोर ज्यात दूध तापवायची ते भांडं हाय ना इथं? मला दे."

मी आत गेले. फळीवर दोन्ही पिचर होते. मी माझा उचलला आणि आणून दिला. तिनं तो पदरात गुंडाळला.

आठवडाभर मला जेवण गेलं नाही. शेवटी तिचा पिचर पिशवीत घालून मी कोनला गेले. आई एकटीच घरात होती. फोटोसमोर माझा पिचर, राखेनं घासून लख्ख केलेला, त्यात सदाफुली. तिनं फुलं काढून तो माझ्या नाकाशी धरला.

"वास घे. तिच्या हाताचा वास अजून येतो, नाय?"

राखेचा वास येत होता.

"येतो," मी म्हणाले.

पिशवी मांडीवर घट्ट धरून मी चहा संपवला आणि रिक्षानं परत आले.

याला दोन वर्षं झाली. मधे तिची आई एकदा कॅफेत आली होती. मशीनसमोर उभी राहून माझे हात बघत होती. पान उमटलं तेव्हा म्हणाली की तीपण असंच काढायची. मी कप तिच्या हातात दिला, मान काही वर केली नाही.