दुपारी तीनची साइट व्हिजिट

"जोशी साहब, ये दीवार के अंदर दीवार दिखती किसको है?" आमचे बिल्डर सेठजी सॅम्पल हाउसच्या पश्चिमेच्या भिंतीवर टकटक करत म्हणाले. "सेकंड फेज में हटाओ."

ती भिंत माझी होती. देवासच्या त्या साइटवर मी इंजिनिअर. पश्चिमेला मी दोन पातळ भिंती घेतल्या होत्या, मध्ये दोन इंचांची पोकळी. बाहेरची तापते, आतली गार राहते, विजेचं बिल कमी येतं. पण खोली थोडी लहान झाली आणि गिऱ्हाइकांना तेवढंच दिसायचं.

समोरच्या साइटवर नीलेश शिंदे. माझ्याच हाताखाली शिकलेला. साधी भिंत, गच्चीवर सोलर गीझर, गेटवर 'ग्रीन होम'चा हिरवा बोर्ड. त्याची घरं धडाधड जात होती. मी जळत होतो, लपवत नाही. त्याच्या गेटवर कुणी पेढे वाटताना दिसलं की मला चहा कडू लागायचा.

इथे लोक रविवारी सकाळी टेकरीवर देवीचं दर्शन घेऊन, तसेच घर बघायला येतात. मीही तेव्हाच दाखवायचो.

मे महिन्यात एका दुपारी तीनला नीलेश आईला घेऊन माझ्या साइटवर आला. मला वाटलं, हेरगिरी.

"या वेळी?"

"सर, तुम्हीच सांगायचे न, घराची गरमी दुपारी बघायची."

त्यानं आतल्या भिंतीला हात लावला. आई तिथेच टेकून फरशीवर बसल्या.

"नीलू, कूलर नाही तरी किती गार लागून राहिलं रे! मी नाही उठत आता."

त्यानं बुकिंग फॉर्म मागितला.

"तुझ्या स्कीममध्ये का नाही घेत?"

"तिथे विकतो, सर. राहीन तुमच्याच घरात."

मी तडक सेठजींकडे गेलो. "चार रविवार फक्त दुपारी तीनला घर दाखवू. नाही विकलं तर भिंत काढतो."

"लू में कौन आएगा, भिया?"

थोडेच आले. पण आले ते टेकून बसले. महिन्याभरात सगळी घरं गेली, सेकंड फेजमध्ये भिंत राहिली.

मी अजून भाड्याच्या वरच्या मजल्यावर, पश्चिमेच्या खोलीत. परवा नीलेशचा फोन आला. "सर, कूलर अजून खोक्यातच आहे." मी "छान" म्हणालो आणि माझ्या कूलरमध्ये पाणी ओतायला उठलो. जळणं काही थांबलेलं नाही.

गार घर सकाळी दाखवू नये, हे शिकलो. आणि बांधलंच, तर त्यातलं एक आधी आपल्या नावावर बुक करावं.