हॅलिबटला किती शिट्ट्या

मटणाचा असतो तो घमघमाट आणि माशाचा असतो तो वास. आमच्या घरातला सगळा भेदभाव या दोन शब्दांत बसतो. बुधवारी मटण शिजायला लागलं की आई स्वयंपाकघराची खिडकी उघडते, गल्लीला कळलंच पाहिजे म्हणून. घरात मासा आला की तीच खिडकी धाडकन बंद होते, आणि मासा खिडकीच्या बाहेर असतो.

बाहेर म्हणजे मागं, धुण्याच्या दगडाजवळ. तिथं एक जुनी शेगडी आणि लहान सिलिंडर आहे. शेजारच्या बादलीत एक टोप, एक लहान परात, एक तवा आणि एक उलथनं. ही माशाची भांडी. घासून लख्ख केली तरी ती उंबरा ओलांडत नाहीत.

हा नियम आमच्याकडं कुणाला खुपत नव्हता, कारण मासाच क्वचित यायचा. आम्ही कळंब्याकडं राहणारी शेतकरी घरातली माणसं. बाबांना तळ्यातला किंवा नदीतला मासा माहीत, तोही कुणी आणून दिला तर. मग दादाचं लग्न झालं आणि देवगडची वहिनी घरात आली. लहानपणापासून रोज मासा खाल्लेली बाई आमच्या घरात येऊन वर्षभर दगडाजवळ उकिडवी बसून मासा तळत होती. डोक्यावर धुण्याची दोरी, दोरीवर बाबांचे लेंगे. ती काही बोलली नाही. मीच बोलले.

मी पत्रकं लिहिते. पाण्याच्या नळासाठी, बंद पडलेल्या बससाठी, वसतिगृहातल्या मुलींसाठी. घरात जिकडंतिकडं उरलेली पत्रकं पडलेली असतात आणि आई त्यांच्यावर भाजी निवडते. संघटनेत आम्हाला शिकवलेलं असतं की एका पत्रकात एकच मागणी मांडायची. घरात मात्र माझ्या तोंडून एका दमात सगळं निघालं. हा सरळसरळ भेदभाव आहे, बोकड चालतो तर मासा का नाही, देव तर पुढच्या खोलीत आहेत, आणि सुनेनं बाहेर का बसायचं.

आईनं शांतपणे एकेक कारण दिलं. आधी म्हणाली वास भिंतीत बसतो. मग म्हणाली शेजारी जैन आहेत, त्यांना त्रास नको. मी त्याच पावली शेजारच्या काकींकडं गेले. त्या म्हणाल्या, अगं, तुमच्या मटणाला आम्ही इतकी वर्षं खिडकी लावतोच आहोत, माशाला वेगळी खिडकी थोडीच आहे. मी हे विजयानं घरी येऊन सांगितलं. आई म्हणाली, बरं. आणि बादली जागची हलली नाही. अधिकाऱ्यांची टोलवाटोलवी मला ओळखता येते, पण माझ्या आईच्या 'बरं'पुढं मोठमोठे अधिकारी कच्चे आहेत.

खरं कारण एकदा भाकरी थापता थापता तिच्या तोंडून निसटलं. मी पुन्हा तोच विषय काढला होता. ती परातीकडं बघत म्हणाली, "मला ह्यातलं काय कळत न्हाय. माझ्याच चुलीपुढं मी काय बघत उभी ऱ्हाऊ?"

आईचा पांढरा रस्सा खायला पाहुणे जयसिंगपुरापासून येतात. त्या ओट्यापुढं कोणत्या पातेल्यात काय चाललंय हे तिला झाकण न काढता कळतं. मासा आत आला की ती त्या ओट्यावरची शिकाऊ होणार होती. ही गोष्ट मला भेदभावाच्या खात्यात टाकता येईना आणि सोडूनही देता येईना.

असं चाललं असताना वहिनीच्या आईचा निरोप आला की त्या बुधवारी येत आहेत. लग्नानंतर पहिल्यांदाच. वहिनीला आनंद झाला, आणि संध्याकाळपर्यंत तिचा चेहरा उतरला. मी खोदून विचारलं तेव्हा तिनं सांगितलं. वर्षभर ती आईला फोनवर सांगत आली होती की इथं मासा आतच करते, आपल्या घरासारखा. आता आई येणार आणि बादली बघणार. मुलीला दगडाजवळ बसवतात हे बघून ती बाई काही न बोलता परत जाईल आणि देवगडात बसून झुरेल, एवढंच वहिनीच्या डोक्यात होतं.

मी लगेच म्हणाले, मी बोलते आमच्या आईशी. वहिनीनं हात जोडले. तू बोललीस की अजून एक शेगडी मागं जाईल, म्हणाली.

बुधवारी सकाळी आम्ही दोघी मासळी बाजारात गेलो. रात्रीतून कोकणातनं टेंपो येतात, त्यामुळं बर्फ अजून टिकून होता. एका पाटीवर पुठ्ठा खोचलेला आणि त्यावर खडूनं लिहिलेलं, हॅलिबट. खाली ताटाएवढा एक चपटा मासा पडलेला. वरनं मातकट, खालनं पांढराफटक, आणि दोन्ही डोळे एकाच बाजूला. वहिनी पुठ्ठा वाचून हसायलाच लागली.

"हा तर भाकस. हॅलिबट कधीपासून झाला?"

विकणारा मासा उलटा करत म्हणाला, "ताई, भाकस म्हटलं की लोक नाक मुरडत्यात. हॅलिबट म्हटलं की फोटो काढत्यात."

जाहिरातबाजीवर मी तिथल्या तिथं त्याला दोन शब्द सुनावणार होते, पण वहिनीनं तोवर डोक्यासकट मासा घेऊन टाकला होता. तिच्या आईला भाकसाचं कालवण आवडतं.

घरी बाबांनी पिशवीत डोकावून बघितलं. "ह्याच्या अंगावरनं उसाचा ट्रॅक्टर गेला काय?"

वहिनीनं समजावून सांगितलं की हा मासा तळाला वाळूत पडून असतो, खालच्या बाजूला डोळा ठेवून करणार काय, म्हणून तो डोळा वर सरकतो. बाबा बराच वेळ त्या डोळ्यांकडं बघत राहिले. मग म्हणाले, आपल्या सोसायटीच्या चेअरमनचं पण असंच हाय, आणि पेपर वाचायला गेले.

वहिनीचा बेत सरळ होता. बस घाटात नेहमी रखडते, संध्याकाळी उशिरा पोचेल. तोवर मागं सगळं शिजवायचं, कालवण घरातल्या पातेल्यात ओतायचं आणि ओट्यावर झाकून ठेवायचं. बादली गच्चीवर. दुपारी तिनं मासा खरवडला, तुकड्या केल्या, मीठ-हळद लावून दगडावर परातीत झाकून ठेवल्या. नंतर आत येऊन मिक्सरवर वाटण काढलं. ओलं खोबरं, भिजवलेली बेडगी मिरची, धणे. वाटण आत, मासा बाहेर. दोघांची गाठ पडायची ती दगडावरच, असा आमच्याकडचा रिवाज.

आणि फोन वाजला. वहिनीची आई घाट उतरून... नव्हे, घाट चढून कधीच वर आली होती. बस आज म्हणे रिकाम्या रस्त्यानं सुटली होती. एरवी वेळेवर न येणाऱ्या एसटीवर मी दोन पत्रकं लिहिली आहेत, आज तिनं वेळेआधी येऊन त्याचं उट्टं काढलं.

वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बोलत होती. मी आणि आई आत लसूण सोलत होतो. तिकडून काहीतरी विचारलं गेलं असणार. वहिनी हळू आवाजात म्हणाली, "होय गे आये, आतच करतंय. आत्ती असतत ना बाजूक उभ्या. त्या इचारतत, कसा करूचा ता."

आत्ती म्हणजे सासू. आमच्या भागातला हा शब्द तिनं आल्या आल्या उचलला होता. आईच्या हातातली लसणाची पाकळी तशीच राहिली. मी तिच्याकडं बघितलं. ती माझ्याकडं बघेना.

वहिनीला स्टँडवर जायचं होतं. मी जाते म्हटलं, तर म्हणाली, पहिल्यांदा येतेय, मीच हवी. दादा कामावरून रात्री परतणार होता. जाताना तिनं मला बाजूला घेतलं आणि कामगिरी सोपवली. आम्ही आलो की तू माझ्या आईला पुढच्या खोलीत बोलत बसव, मी मागं जाऊन पटकन उरकते. तिला मागं येऊ देऊ नकोस.

रस्ते अडवायची मला सवय आहे, पण देवगडची विहीणबाई अडवायची म्हणजे कठीण. तरी होय म्हटलं.

रिक्षा गेली. आईनं लसूण सोलून पुरा केला, साली माझ्या पत्रकात गुंडाळून टाकल्या. हात धुतले. मग मागच्या दाराशी जाऊन थोडा वेळ उभी राहिली. बाहेर दोरीवर लेंगे होते, दगडावर झाकलेली परात होती.

"तिला खोटं बोलाय लागतंय," ती म्हणाली. मला म्हणाली की स्वतःला, ते कळलं नाही. "माझ्या घराचं झाकाय म्हणून."

मी तोंड उघडलं. आयुष्यात पहिल्यांदा माझा मुद्दा दुसऱ्या कुणीतरी माझ्यापेक्षा कमी शब्दांत मांडला होता. मी तोंड मिटलं.

"आत आण ती परात."

मी परात आत आणली. आईनं बादलीतला टोप उचलला, नळाखाली धुतला, त्याच्याकडं एकदा बघितलं आणि तो बाजूला ठेवून कपाटातनं कुकर काढला. आमच्या घरात जे काही कापून येतं ते कुकरात जातं, तिला दुसरं काही माहीतच नाही. कुकर ओट्यावर ठेवला, परातीवरचं झाकण काढलं, एक तुकडी उचलून दाबून बघितली. मटणासारखी दाबली. बोट आत गेलं. ती दचकली.

"लई मऊ हाय गं हे."

मी म्हटलं, मला विचारू नकोस, मला चहासुद्धा धड जमत नाही. थांबूया वहिनीसाठी. त्यावर तिनं माझा फोन मागितला. वहिनीला लाव, म्हणाली. मी स्पीकरवर लावून दिला. एव्हाना त्या दोघी परतीच्या रिक्षात बसल्या होत्या. आमच्या आईचा आवाज फोनशिवायही रंकाळ्यापर्यंत जातो, त्यामुळं रिक्षात बसलेल्या सगळ्यांनी पुढचं ऐकलं असणार.

"मी आत्ती बोलतिया. वाटण काढलंय, तुकड्या आत आणल्यात. किती शिट्ट्या काढू?"

पलीकडं नुसती रिक्षाची घरघर. मग वहिनीच्या गळ्यातून एक विचित्र आवाज आला, आणि त्याच्यामागून दुसऱ्या बाईचं मोकळं, मोठं हसू. फोन हातातून काढून घेतल्याचा खडखडाट झाला.

"शिटी नको हां विहीणबाई," वहिनीची आई म्हणाली. "शिटी काढलात तर चमच्यान गोळा करूक लागात."

मग त्या रिक्षातून सांगत गेल्या आणि आई करत गेली. कुकर परत कपाटात. टोपात वाटण उकळू दे. तिरफळं ठेचून टाका, नसतील तर राहू दे. वहिनीच्या डब्यात ती होती, मी शोधून दिली. आता तुकड्या सोडा, एकेक. वरनं आमसुलं. आईनं सवयीनं पळी उचलली तेव्हा मी फोनवर सांगितलं, पळी घेतली. फोनमधून घाईघाईनं आवाज आला, पळी घालू नकात, ढवळूचा नाय, टोप धरून हलवा.

आईनं पळी खाली ठेवली. पदराची दोन टोकं दोन्ही हातांत घेतली, टोपाचे काठ धरले आणि टोप गोल हलवला. मुलाला पाळण्यात झोका देतात तसा नव्हे, सुपात तांदूळ घोळताना मनगट फिरवतात तसा. रस्सा कडेनं फिरला, तुकड्या जागच्या जागी राहिल्या. तिनं पुन्हा हलवला. मला वाटतं, गरज नसताना आणखी एकदा हलवला.

खिडकी बंदच होती. ती तिनं उघडली नाही, हेही लिहायला हवं. सगळं एका संध्याकाळी मिळत नाही.

रिक्षा दाराशी थांबली तेव्हा मी पुढच्या खोलीत माझ्या कामगिरीवर उभी होते. विहीणबाई पाय धुऊन, बाबांना नमस्कार करून, माझ्या बाजूनं सरळ स्वयंपाकघरात गेल्या. मी अडवलं नाही. वहिनी दारातच थांबली. ओट्यावर तो बादलीतला टोप वाफाळत होता आणि आई त्याच्यापुढं हात पुसत उभी होती.

विहीणबाईंनी तळहातावर थेंबभर रस्सा घेऊन चाटला. मीठ वर गेल्याचं त्यांनी सांगितलं, अगदी सरळ. तुकड्यांना मीठ आधीच लावलेलं होतं आणि आईनं आपल्या हिशोबानं परत घातलं होतं. आमच्या आईच्या स्वयंपाकात मीठ चुकलं असं कुणी तिला तोंडावर सांगितल्याचं मला आठवत नाही.

"मग आता काय करत्यात?" आईनं विचारलं.

नारळाचं दूध घालतात. वहिनी खाली बसून नारळ खवायला लागली. विहीणबाईंनी पिशवीतनं स्वतःच्या घरची आमसुलं काढली, आणि दोघी म्हाताऱ्या टोपावर वाकून बघत राहिल्या.

जेवायला तांदळाची भाकरी होती, वहिनीच्या आईसाठी मुद्दाम केलेली. बाबांनी काट्यांना घाबरत घाबरत तीन तुकड्या खाल्ल्या आणि ट्रॅक्टरखाली जाऊनसुद्धा चव टिकून आहे म्हणाले. आईनं एकच खाल्ली, पण पुरी खाल्ली, काटा चोखून. दादा उशिरा आला, त्याच्या वाट्याला डोकं राहिलं होतं. त्यानं वास घेऊन विचारलं, आत केलंय व्हय? आईनं त्याच्यापुढं ताट सरकवलं.

भांडी वहिनीनं घासली. टोप धुऊन, निथळून ती सवयीनं मागच्या दाराकडं निघाली, बादलीत ठेवायला. आई मटणाचं मोठं पातेलं रॅकमध्ये पालथं घालत होती. तिनं ते थोडं बाजूला सरकवलं, मागं न बघता.

"ठेव की हितंच," ती म्हणाली.