पुणे पेठकर्सचा मॅनेजर

अरुण गेल्याचं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा त्याचा शर्ट, चष्मा आणि मोबाइल असलेली प्लास्टिकची पिशवी माझ्या मांडीवर होती. काहीतरी विचारायला हवं म्हणून मी विचारलं, "फार त्रास झाला का हो त्याला?" डॉक्टर तरुण होते. "नाही, आजी," म्हणाले. मला आजी म्हटल्याचा राग आला, हे पक्कं आठवतंय. अशा वेळी माणसाला कशाचा राग येईल, काही नेम नाही. तेवढ्यात पिशवीतला मोबाइल वाजला. कुणा नातेवाइकाचा असेल म्हणून काढून पाहिला, तर पडद्यावर इंग्रजीत एकच ओळ होती : पुणे पेठकर्स दोनाविरुद्ध चार रन्सनी जिंकले. "घ्या!" असं मी बहुधा मोठ्यानं म्हणाले, कारण समोरच्या बाकावरच्या बाईंनी माझ्याकडे वळून पाहिलं. मग मोबाइल पिशवीत टाकला आणि कागदांवर सह्या करायला गेले.

अरुण माझा धाकटा भाऊ. मी टेलिफोन खात्यातून निवृत्त झाले, यजमान त्याच्या आधीच गेले होते, आणि अरुणनं लग्नच केलं नव्हतं. का केलं नाही असं कुणी विचारलं तर "राहून गेलं" एवढंच म्हणायचा, दळण आणायचं राहून गेल्यासारखं. तेव्हा सदाशिव पेठेतल्या त्याच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये आम्ही दोघं भावंडं पुन्हा एकदा लहानपणासारखी भांडत राहू लागलो. तो एका सॉफ्टवेअर कंपनीत होता, आणि तिथल्याच कुणा अमेरिकन गिऱ्हाइकानं त्याला या बेसबॉलच्या नादाला लावलं. त्यांच्या लीगमध्ये अकराच मॅनेजर झाले होते, बारावा हवा होता. चौथा भिडू नाही म्हणून शेजाऱ्याला हाताला धरून पत्त्यांना बसवावं, तसं अरुणला बसवलं. अरुणनं तोवर बेसबॉलची बॅट फक्त सिनेमातल्या गुंडांच्या हातात पाहिली होती.

या खेळात खरं म्हणजे कुणीच खेळत नाही. खेळाडू संगणकानं तयार केलेले, त्यांची नावंही त्यानंच ठेवलेली. पण ते म्हातारे होतात, त्यांचे गुडघे धरतात, एक दिवस ते निवृत्तही होतात. बारा मॅनेजरांनी आपापल्या घरी बसून फक्त ठरवायचं... आज कुणाला खेळवायचं, चेंडू टाकायला कुठला पिचर, तो थकला तर त्याच्या जागी कोण. तिकडे मध्यरात्र उलटली की संगणक सगळे सामने खेळवून टाकतो आणि आपल्याकडे जेवणाच्या वेळी निकाल येतो. हे सगळं ऐकून मी म्हणाले, "उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. आणि शेळ्यासुद्धा खोट्या!" अरुण म्हणाला, "उंटही खोटाच आहे, ताई." टीमला त्यानं पुणे पेठकर्स असं नाव दिलं. पेठकर हा हिंदुस्थानातला एखादा पक्षी असणार, अशी त्या अमेरिकनांची समजूत झाली आणि एकानं हौसेनं बोधचिन्ह काढून पाठवलं : तपकिरी रंगाचा, जाड मानेचा पक्षी, पंखात बॅट. अरुणनं खुलासा केला नाही. "पेठेतली माणसं साधारण अशीच दिसतात," म्हणाला.

पन्नाशी ओलांडली आणि त्याच्या किडन्यांनी संप पुकारला. नोकरी सुटली. सोमवार, बुधवार, शुक्रवार सकाळी सातला डायलिसिस, चार तास. घरात बटाटे चिरून पाण्यात भिजवून ठेवायचे आणि ते पाणी फेकायचं, शहाळं बंद, डाळ मोजून, पाणी म्हणजे दिवसभरात मिळून एक लहान तांब्या. डाव्या हातावर शीर जोडून तयार केलेला फिश्चुला होता. त्यावर हात ठेवला तर आतून मांजर गुरगुरल्यासारखं जाणवायचं. पहिले काही महिने मी त्याच्यासोबत जात असे. आत नातेवाइकांनी बसलेलं तिथल्या सिस्टरना चालत नसे, आणि चाललं असतं तरी अरुणला चाललं नसतं. "तू बाहेर बस आणि लोकांच्या चुका काढ, तुझाही वेळ जाईल," म्हणायचा. पुढे तो एकटाच रिक्षानं जायला लागला, त्यामुळे ती खोली मी आतून कधी पाहिलीच नाही. मला माहीत होतं ते जेवताना तो सांगायचा तेवढंच.

आणि सांगायचा काय, तर समितीची बैठक! त्याच्या डाव्या बाजूच्या पलंगावर हमीदभाई, रविवार पेठेत त्यांचं कुलपांचं दुकान. समोर वर्षा, वर्ध्याहून नोकरीसाठी आलेली, मांडीवर लॅपटॉप घेऊन एका हातानं ऑफिसचं काम करणारी मुलगी. आणखी दोघं-तिघं असत. पेठकर्सचे सगळे निर्णय म्हणे आता ही मंडळी मतदानानं घेत होती. बेसबॉल यांतल्या कुणालाच कळत नव्हतं, पण क्रिकेट कळत नाही असं कबूल करणारा माणूस पुण्यात अजून जन्मायचा आहे. त्यामुळे सगळी निवड त्याच चष्म्यातून. बेसबॉलमध्ये चार चेंडू वाईट पडले आणि बॅट्समननं ते सोडून दिले, तर त्याला पहिल्या बेसवर फुकट चालत जायला मिळतं. हे कळल्यावर हमीदभाई खूश झाले. "म्हणजे सोडणाऱ्याला इज्जत आहे! मग सोडणारेच घ्या, अरुणराव. हाणामारी करणारे नकोत." तेव्हापासून पेठकर्समध्ये चिवट, चेंडू सोडणाऱ्या माणसांची भरती झाली. हा काही फार खोल डावपेच आहे असं समजून लीगमधल्या लोकांनी त्यावर चर्चा केली, आणि एका हंगामात तर टीम चक्क अंतिम सामन्यापर्यंत पोचली.

तो अंतिम सामना बुधवारचा होता. त्याच दिवशी केंद्रातलं, डायलिसिससाठी पाणी शुद्ध करणारं यंत्र बंद पडलं. कुणाला कुठल्या दुसऱ्या केंद्रात, कुणाला संध्याकाळची वेळ, अशी सगळ्यांची पांगापांग झाली. अरुण सकाळी घरीच होता. त्याचा मुख्य पिचर थकलेला होता आणि बदलायला हवा होता, एवढं मलासुद्धा ऐकून ऐकून कळायला लागलं होतं. पण हा पेपर वाचत बसला. शेवटी न राहवून मीच म्हणाले, "अरे, बदल की त्याला!" तर म्हणाला, "समिती बसलेली नाही." मी म्हणाले, "मॅनेजर तू आहेस ना? मग?" त्यावर पेपरातून मान वर न करता, "समिती बसल्याशिवाय नाही." व्हायचं तेच झालं, पेठकर्स सपाटून हरले. लीगचा कारभार पाहणारे गृहस्थ निवृत्त शिक्षक आहेत, त्यांनी काळजीनं विचारलं, पिचर का नाही बदलला? अरुणनं उत्तर पाठवलं, समितीची बैठक होऊ शकली नाही. मला वाटलं, आजारानं याच्या डोक्यावर परिणाम झाला. लष्कराच्या भाकऱ्या भाजाव्यात, पण त्या निदान करपू तरी देऊ नयेत!

एकदाच तो थोडं वेगळं बोलला होता. एक इंजिनिअर दोनदा आला आणि पुन्हा आलाच नाही, कुठलासा काढा सुरू केला म्हणे. मी विचारलं, मग तुम्ही कुणी फोन नाही केलात? अरुण भात कालवत म्हणाला, "आमच्याकडे कुणी आलं नाही तर विचारायची पद्धत नाही. काही लोक जातात म्हणून येत नाहीत, काही येत नाहीत म्हणून जातात." मग ताक मागितलं, आणि मी अर्धी वाटीच दिली.

तो गेल्यावर लीगला मीच कळवलं. त्या शिक्षकांचं फार सभ्य उत्तर आलं. हंगाम संपेपर्यंत अरुणच्या शेवटच्या सूचनांवर संगणक टीम चालवील, आणि मग आमची इच्छा असली तर पुणे पेठकर्स सन्मानानं निवृत्त करू. टीमचं पान, तो पक्षी, अरुणचं नाव तिथे कायम राहील, ते नाव पुन्हा कुणाला देणार नाही. येत्या शनिवारपर्यंत कळवा. मला हे मनापासून आवडलं. अरुणला हयातीत कुणी शाल-श्रीफळ दिलं नव्हतं. ही सातासमुद्रापलीकडची शाल होती. होकार लिहूनही ठेवला होता, आणि त्याच दिवशी हमीदभाईंचा फोन आला.

"ताई, तेरावं होईपर्यंत थांबलो. रागावू नका. टीमचं काय करताय?"

मी अर्थातच रागावले. माणूस गेला आणि यांना टीमचं पडलंय! तरी त्यांना सन्मानाचं सगळं सांगितलं. ते म्हणाले, "बंद करू नका, ताई."

"हमीदभाई, टीम अरुणची होती."

"होती ना. म्हणूनच तर. बुधवारी त्यांचा मोबाइल घेऊन एकदा आत येऊन जा. सिस्टरना मी सांगतो. मग तुम्ही म्हणाल ते."

बुधवारी गेले. टीमला कुलूप लावायचंच आहे तर कुलूपवाल्याच्या साक्षीनं लावू, असा विचार करून गेले. खोली मला वाटलं होतं त्याहून लहान आणि उजेडाची होती. हमीदभाईंना मी पहिल्यांदा पाहिलं, वर्षालाही. दोघांच्याही हातांत नळ्या लागलेल्या होत्या. अरुणच्या पलंगावर एक नवे गृहस्थ होते, इस्त्रीचा शर्ट, एक बाही कोपरापर्यंत दुमडलेली. महिनाभर त्यांचं डायलिसिस दुसरीकडे, मानेतल्या नळीतून चाललं होतं, आज पहिल्यांदा हातात सुई घालायची होती. या सुया आपल्या इंजेक्शनसारख्या नसतात, हे मला त्या दिवशी कळलं. चांगल्या जाड असतात, आणि एक नाही, दोन. गृहस्थांचा चेहरा पांढरा पडला होता. सिस्टरना ते सांगत होते, "आज राहू द्या का? मी पुढच्या वेळी येतो." खोलीतल्या प्रत्येकाला त्या "पुढच्या वेळी"चा अर्थ माहीत असावा, कारण वर्षानं लॅपटॉप मिटला आणि सगळे त्यांच्याकडे पाहायला लागले.

हमीदभाई मला म्हणाले, "ताई, मोबाइल उघडा. आज पिचर कोण आहे, वाचा."

मी वाचलं. दोघंजण मोकळे होते. एक एकोणचाळीस वर्षांचा डावखुरा, खांदा जरा दुखावलेला. दुसरा नवाकोरा, वीस वर्षांचा.

"ऐकलंत ना, साहेब?" हमीदभाई त्या गृहस्थांना म्हणाले. "म्हाताऱ्याला पाठवायचं की पोराला? इथे शेवटचं मत नव्या माणसाचं असतं."

"अहो, मला यातलं काही कळत नाही."

"आम्हाला तरी कुठं कळतंय? पण दुपारी सामना आहे. घाई करा."

गृहस्थ गोंधळून माझ्याकडे बघायला लागले. मी कशाला मध्ये पडू? पण पडले. म्हणाले, "म्हाताऱ्याला अनुभव आहे, पण खांद्याचं काही खरं नाही." ते म्हणाले, "उजवा खांदा की डावा?" मी शोधून सांगितलं, डावाच. "मग डावखुऱ्याला तोच लागणार ना!" त्यांच्या कपाळाला आठी पडली. "पण मोठी मॅच आहे का? मोठी असेल तर पोरगं घाबरतं. आमच्या ऑफिसच्या टीममध्ये एकदा..." आणि ते त्यांच्या ऑफिसच्या टीमचं सांगायला लागले. ते सांगून होईस्तोवर सिस्टरनी दुसऱ्या सुईवर पट्टी चिकटवली होती.

वर्षा हळूच म्हणाली, "दादा असंच करायचे, काकू. मी तर पहिल्या दिवशी पळूनच जाणार होती. त्यांनी विचारलं, कॅप्टन कोणाले करू? मले वाटलं, सिरियसली, हा माणूस पागल आहे. मी त्यांच्याशी भांडत बसली अन् सुई कधी लागली ते समजलंच नाही."

हे अरुण मला एका अक्षरानं बोलला नव्हता. माझ्या हातची अळणी भाजी खात, समितीनं अमक्याला घेतलं अन् तमक्याला काढलं एवढंच सांगत राहिला, आणि मी त्याला हसत राहिले. मला त्याचा भयंकर राग आला. मग त्याच पलंगाशेजारच्या स्टुलावर बसून मी रडले, तो गेल्यापासून पहिल्यांदाच. हमीदभाईंनी मोकळ्या हातानं आपला रुमाल पुढे केला, आणि तो नवा माणूस अवघडून म्हणाला, "म्हाताऱ्यालाच पाठवा, ताई." मी म्हाताऱ्याच्या नावावर बोट ठेवलं.

दुपारी निकाल आला. म्हाताऱ्यानं पहिल्याच डावात सात रन्स दिले. पेठकर्स हरले, आणि का कोण जाणे, मला फार लागलं. मी हमीदभाईंना फोन करून बातमी दिली. ते म्हणाले, "उत्तम झालं. आता साहेब शुक्रवारी भांडायला तरी येतील."

त्या शिक्षकांना मी गुरुवारी कळवलं की सन्मान नको, टीम चालू राहील, मॅनेजर म्हणून समितीचं नाव घाला. शुक्रवारी सात वाजायच्या आधीच मी मोबाइल घेऊन केंद्रावर पोचले. ते गृहस्थ माझ्याही आधी येऊन, बाही दुमडून बसले होते. मला दारात पाहताच म्हणाले, "अहो ताई, त्या म्हाताऱ्याचं काय करायचं ते आज ठरवू या एकदा!"