काकानं शेत घेतलं

धावडा गावातल्या घरून मी एका अमेरिकी कंपनीचं काम करते. आपली संध्याकाळ ती त्यांची सकाळ. तिकडचे माझे वरिष्ठ साठीच्या आसपासचे, बोलका माणूस. पहिल्याच महिन्यात ते कॉलवर म्हणाले, "गेला आठवडा सुट्टीवर होतो. माय अंकल बॉट द फार्म."

काकानं शेत घेतलं! शेजारी तुरीच्या शेंगा सोलत बसलेल्या माझ्या वडिलांना, अण्णांना, मी लगेच सांगितलं.

"किती एकर? हिरीला पाणी हाय का? इचार जल्दी," अण्णा म्हणाले.

मी तोंडभरून अभिनंदन केलं आणि दोन्ही प्रश्न इंग्रजीत विचारले.

 ते हळूच म्हणाले, "काका वारले. आमच्याकडे मरण्याला असं म्हणतात."  मी सॉरी सॉरी म्हणत राहिले, तर तेच हसायला लागले. "सहा फूट लांब, तीन फूट रुंद. पाणी नाही. काका असते तर हे सगळ्यांना सांगत फिरले असते."

रविवारी मी भोकरदनला माझ्या शाळेतल्या इंग्रजीच्या सरांकडे गेले. सर आधी पोटभर हसले, मग शिकवायला बसले.

"पोटात कावळे ओरडतात म्हटलं तर कुणी पोटात डोकावून बघतं का? अन् कावळ्यांच्या जागी चिमण्या चालतात का? न्हाई. शब्द ठरलेले, अर्थ निराळा, तो वाक्प्रचार. 'लोड घेऊ नको' हे पोरं आपापसात बोलतात, माझ्यापुढं न्हाई, ती स्लँग. अन् पत्र्यावर कावळा ओरडला, तर तो बिलकुल खरा कावळा."

"मग काकाचं शेत?"

"ते म्हणे सैनिकांच्या बोलीतलं. स्लँग म्हणून आलं अन् मुक्काम करून वाक्प्रचार झालं. कोण बोलतंय, कुणाशी, ते बघत जा."

मी वहीत तीन रकाने आखले: वाक्प्रचार, स्लँग, खरं. एका तरुण सहकाऱ्यानं माझ्या अहवालाला 'सिक', म्हणजे आजारी म्हटलं, तेव्हा मी न घाबरता थँक्यू म्हणाले. स्लँग, म्हणजे झकास! मला आता सगळं समजतं असं वाटायला लागलं.

मग एका मीटिंगमध्ये मी माहिती सांगत असताना वरिष्ठ मध्येच म्हणाले, "थांब, देअर्स अ बेअर इन माय ट्रॅश."

कचऱ्यात अस्वल. मी वाक्प्रचाराच्या रकान्यात लिहिलं, 'बहुतेक मोठी अडचण', त्यांना धीर दिला आणि पुढं बोलत राहिले. त्यांनी कॅमेरा खिडकीकडे वळवला. आडव्या पडलेल्या कचऱ्याच्या पिंपात एक काळंभोर अस्वल बसलं होतं आणि पिझ्झ्याचा डबा चाटत होतं.

माझी किंकाळी ऐकून अण्णा धावत आले.

"खरंखुरं अस्वल? मंग तू माहिती काय सांगून राह्यली? त्याला म्हणावं, दार लाव अन् पातेलं बडव! आपण रानडुकरं तशीच हाकलतो ना!"

मी जसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं. वरिष्ठ आत पळाले, एक पातेलं आणि डाव घेऊन आले आणि खिडकीशी जोरजोरात बडवायला लागले. अस्वलानं मान वर करून बघितलं, डबा तोंडात धरला आणि कुंपणापलीकडे निघून गेलं. अण्णांनी टाळ्या वाजवल्या. माझी माहिती दुसऱ्या दिवसावर गेली.