सोयरिकीचा गूळ आणि भाड्याची मोटार

नातवानं दारात नवी मोटार आणली आन् मी तिच्यात बसलो नाही, याचा घरात सगळ्याइले राग आला. म्हातारा हट्टी आहे म्हणतात. आहे हट्टी. पण त्याले कारण आहे. मी दुसरीपर्यंत शिकलेला माणूस, तरी ते कारण आपल्या हातानं लिहून ठेवतो, म्हणजे दरवेळी तोंड वाजवायचं काम नाही.

साठ सालाच्या पुढची गोष्ट. आमचा तांडा घाटंजीच्या अलीकडं, माळावर. आमचे आजे-पंजे बैलाइच्या पाठीवर मीठ-धान्य लादून मुलुख हिंडले. बापानं तेच बैल औताले जुंपले आन् आम्ही कास्तकार झालो. बाप गेला तेव्हा घरात मी मोठा, म्हणून धाकट्या भावाची सोयरीक माह्या डोक्यावर आली. त्याचा एक डोळा बैलाच्या शिंगानं गेलता. पोरगा कामाले वाघ, पण दोन घराइनं त्या डोळ्याकडं पाहून नाही म्हटलं. त्यानंतर तो बाजारातही मान खाली घालून फिरे. तिसरं घर पांढरकवड्याच्या पुढं, जंगलाच्या कडेच्या तांड्यातलं. पोरीच्या बापानं भावाले घाटंजीच्या बाजारात पाह्यलं, त्याच्यासंग बसून चहा पेला आन् हो म्हटलं. पण त्याच पोरीवर आणखी एका घराची नजर होती, आन् त्यांच्या पोराले दोन्ही डोळे होते. म्हणून तिथल्या नायकानं, म्हणजे तांड्याच्या मुखियानं, निरोप धाडला: पंच बसतील त्या दिवशी दिवस बुडायच्या आत गूळ घेऊन या. नाही आले तं दुसऱ्याचा गूळ खाऊ.

आमच्या लोकाइत गूळ खाल्ला म्हणजे सोयरीक पक्की. पंचाइच्या तोंडात गूळ गेला की शब्द गेला. कोणी तो थुंकला तं सोयरीक तिथंच मोडली. आमच्या याडीचा, म्हणजे मायचा, त्याच्यावर आणखी एक नेम होता. गुळाची भेली अख्खी पाह्यजे. पंचाच्या समोर फुटायच्या आधी तिले ना चाकू लागला पाह्यजे ना दात. याडीनं भेली स्वतः निवडली, धुतल्या धडप्यात बांधली आन् माह्या हातात दिली. एका डोळ्याच्या पोराच्या मायनं भेली अख्खी पाह्यजे म्हणावं, याच्यावर हसणारे हसले. मी हसलो नाही.

मी म्हटलं, आदल्या दिवशीच छकडा जुंपतो. आमच्या बहिणीचा नवरा, आमचा जावई, मध्ये पडला. "दादा, ते दुसरे लोक जीपगाडीत येऊन गेले म्हणते. आपण छकड्यातून उतरलो तं पोरीवाले डोळाही पाह्यतील आन् छकडाही." जावयाचं बोलणं आमच्यात कोणी खाली पडू देत नाही. यवतमाळहून भाड्याची मोटार आली, आन् मी आन् जावई तिच्यात निघालो.

मोटार म्हणजे काय, काळं डबडं. आदल्या वरातीतलं कोणीतरी तिच्यात ओकलं होतं आन् ड्रायव्हरनं त्याच्यावर नुसती माती टाकून झाडली होती. गादीतून काथ्या बाहेर आलता. काच वर होत नव्हती, आन् जी वर होती ती खाली होत नव्हती. ड्रायव्हर तंबाखूचं पान खाऊन खिडकीतून थुंके, वाऱ्यानं ते मागं येई, आन् मागं मी बसलेलो. मी धडपा छातीशी धरला. म्हटलं, थुंकी अंगावर पडली तं चालते, भेलीवर पडाले नाही पाह्यजे. बैल शेण टाकते, पण धन्याच्या तोंडावर नाही टाकत.

पांढरकवड्यापर्यंत डांबरी होती तोवर ठीक. पुढं हैद्राबादच्या सडकेवरून गाडी जंगलाच्या गाडवाटेले वळली. थोडं आत गेलो आन् खालून दगड वाजला. मग पेट्रोलचा वास सुटला. चैताचे दिवस, झाडाखाली मोहाची फुलं पडून सडून राह्यलेली, त्याचा तो आंबूस वास आन् त्यात हा पेट्रोलचा. इंजिन खोकललं आन् बंद पडलं.

ड्रायव्हर गाडीखाली शिरला. टाकीले भोक पडलं होतं, धार लागली होती. त्यानं बोट भोकात घातलं, तेच बोट नाकाशी नेलं, मग सदऱ्याले पुसलं, आन् त्याच हातानं चंचीतून तंबाखू काढून मळली. आमचे पाणी प्यायचे लोटे मागून घेतले आन् धारेखाली लावले. आता त्या लोट्यात मी पुन्हा पाणी पेईन काय. ते लोटे मी नंतर घरातून काढून टाकले.

"मालक, साबणाची वडी आहे काय?"

"लग्न ठरवाले निघालो, आंघोळीले नाही," मी म्हटलं.

त्यानं माह्या हातातल्या धडप्याकडं पाह्यलं. "मग गूळ तं आहे. गूळ पेट्रोलात विरघळत नाही. कापसात मळून ठासतो. सुपारीएवढा द्या, हैद्राबादपर्यंत नेतो तुम्हाले."

मी त्याच्याकडं असं पाह्यलं की तो एक पाऊल मागं सरकला. जावई ड्रायव्हरले समजू नये म्हणून आपल्या गोरबोलीत बोलला, मी इथं मराठीत लिहितो. "दादा, सुपारीएवढाच मागून राह्यला. खालून काढू. कोणाले दिसते?"

"मले दिसते," मी म्हटलं.

"दिवस कलून राह्यला. न पोचलो तं अख्खी भेली घेऊन काय करसान? भावाले चाटाले देसान?"

"जावईबापू, मोटार तुम्ही आणली. आता गूळही तुम्हीच खाऊन टाका."

असं कधी जावयाले बोलत नाहीत. मलेही बरं नाही वाटलं. नाल्याच्या पलीकडं कोलामाइचा पोड दिसत होता, चार-सहा घरं. म्हटलं, तिथून साबण आणतो, नाहीतर बैलजोडी आणतो आन् हे डबडं ओढून नेतो. भेली कोणाजवळ ठेवावी? जावयाजवळ ठेवली. जावयावर शंका घेणं म्हणजे बहिणीच्या कुंकवावर शंका घेणं, असं आमच्यात मानतात. एकटा ड्रायव्हरच असता तं मी ती डोक्यावर घेऊन गेलो असतो.

पोडावर कोणी नव्हतं. सगळे मोह वेचाले गेलते. एक म्हातारी अंगणात बसली होती. साबण म्हटल्यावर हसली. राख आहे, घेऊन जा म्हणे. बैल विचारले तं जंगलाकडं हात केला. मी तसाच उन्हात नाला ओलांडून परत आलो, आन् काय पाह्यतो, मोटारीचं इंजिन धडधडून राह्यलं.

"साबण सापडला मालक," ड्रायव्हर म्हणाला. "सीटखाली होता."

जावई मोहाच्या झाडाकडं पाहून राह्यला होता. त्यानं धडपा माह्या हातात दिला. गाठ मले सैल वाटली. पण दिवस झाडाच्या शेंड्याले टेकला होता. मी बसलो.

त्या तांड्यात पोचलो तेव्हा पंच निंबाखाली बसलेले होते आन् उन्हाची एक पट्टी घराइच्या कुडावर शिल्लक होती. रामराम झाला. पाणी आलं. नायक म्हातारा, मिशा पांढऱ्या, डोळा बारीक. म्हणाला, "आणा भेली."

मी धडपा मधोमध ठेवला आन् सोडला.

भेली वरून अख्खी होती. पण धडप्याले खालून काळा डाग पडलेला. नायकानं ती उलटी केली. खालून कोरलेली, खड्डा चांगला मुठीएवढा, आन् खड्ड्यात पाच काळी बोटं उमटलेली. वास तं असा आला की मागं बसलेल्या बायाइनं तोंडाले पदर लावले. जावयानं मान खाली घातली. ड्रायव्हर मोटारीले टेकून पान चघळून राह्यला होता, ते लाल तोंड मले अजून दिसते. मले वाटलं, उठावं आन् तीच भेली त्याच्या तोंडात कोंबावी.

नायकानं विचारलं, "आमच्या आधी ही कोणी खाल्ली?"

मी खोटं बोलत नाही. "मोटारीनं," मी म्हटलं.

"मोटारीनं?"

"टाकीले भोक पडलं. मी नाही म्हटलं होतं. माह्या माघारी गूळ लावला."

कोणीतरी फिसकन हसलं. नायक हसला नाही. "म्हणजे तुमची सोयरीक मोटारीसंग झाली. आता आमची पोरगी सवतीवर देऊ काय?"

मग सगळेच हसले. मले मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या हसण्यात माह्या भावाचा डोळाही होता, मले माहीत होतं. मी धडपा गोळा कराले हात घातला. म्हटलं, असं हसण्यावारी नेऊन पोरगी देणार असतील तं नको.

तेव्हा पोरीच्या बापानं माह्या हातावर हात ठेवला. तो हळूच म्हणाला, "पोराचा एक डोळा नाही, हे पाहूनच मी हो म्हटलं. भेलीची एक बाजू नाही, तं काय झालं? फोडा."

नायकानं त्याच्याकडं पाह्यलं, माह्याकडं पाह्यलं, आन् दगडानं भेली फोडली. पहिला खडा स्वतःच्या तोंडात टाकला. त्याच्या मिशा हालल्या, डोळ्याले पाणी आलं, पण त्यानं चावलं आन् गिळलं. मग पोरीच्या बापानं. मग एकेक पंच. आता कोणी हसत नव्हतं. एका तरण्या पंचाचे गाल फुगले, तो बाजूले वाकला.

"गीळ," नायक म्हणाला. एवढंच.

त्यानं गिळलं. लगेच उठून गोठ्यामागं गेला, पण तिथं काय झालं ते पंचाइनं पाह्यलं नाही, म्हणून ते धरत नाहीत.

शेवटी मले दिला. जिभेवर ठेवला तं आधी पेट्रोल, मग गोड, मग पुन्हा पेट्रोल, आन् त्याच्यात कुठंतरी त्याची तंबाखू. आयुष्यात माणूस काय काय खाते, काय काय गिळते. असं कधी गिळलं नाही. नायक माह्या गळ्याच्या घाटीकडं पाहून राह्यला होता. ती खाली गेली तेव्हा त्यानं मान हलवली आन् म्हणाला, झालं.

सकाळी जावई मोटारीतून गेला. तिची ती टाकी आमच्या गुळावर घरापर्यंत गेली म्हणते, थेंब गळला नाही. मी बसलो नाही. पांढरकवड्यापर्यंत पायी आलो आन् तिथून एसटी धरली. वाटेत ढेकर आली की तोच वास. कोणाले वाटे हा माणूस आजारी आहे.

भाऊ फाटकात उभा होता. त्यानं एका डोळ्यानं नुसतं माह्या तोंडाकडं पाह्यलं. मी मान हलवली, तसा तो बैलाले पाणी दाखवाले निघून गेला, मान वर करून. याडी चुलीपासून उठून आली. रिकामा धडपा मी नाल्यातच टाकला होता.

"भेली गोड निघाली काय?" तिनं विचारलं.

माह्या तोंडात अजून तो वास होता. मी म्हटलं, "सगळ्याइनं खाल्ली. कोणी थुंकली नाही."