तांडेलाने पोरगा सोडला नाही

तांडेलाने माझ्या बायकोचे मोदक एकेक करून फोडले, तेव्हा त्याच्या कानाखाली द्यावी असं मला वाटलं होतं. संकष्टीचे मोदक, पहाटे उठून केलेले. आणि व्यसनमुक्ती केंद्राच्या दारात स्टूल टाकून बसलेला हा म्हातारा बोटाने सारण चिवडतोय. बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याने एक फुटका मोदक स्वतःच्या तोंडात टाकला आणि म्हणाला, "वैनी, तुमच्या हातावर माझा विश्वास हाय. पण मोदकात पुडी घालून आणणाऱ्या आयापण मी बघितल्यात. पोराचं रडणं सोसत नाय त्यांना."

आमचा संतोष गर्दच्या नशेपायी तिथे आत होता. मी चिरेखाणीवर जन्म काढलेला माणूस, शाळा चौथीपर्यंत. पोरगा मुंबईला कामाला गेला आणि परत आला तो हाडं घेऊन. घरातली भांडी नाहीशी व्हायला लागली तोवर गर्द कशाशी खातात ते मला ठाऊक नव्हतं.

तांडेल म्हणजे मच्छीमार बोटीचा मुख्य. हा हर्णेचा. खरं नाव होतं, पण ते कोणी घेत नसे. बोट कुठे गेली असं विचारलं तर सरळ सांगायचा, "चांदीच्या कागदावर ठेवून ओढली." याच केंद्रात तो बरा झाला आणि मग तिथेच राहिला. म्हणायचा, "बाहेर गेलो तर मलाच मला राखायला लागेल. त्यापेक्षा इथं दुसऱ्यांना राखतो."

नवीन पोरगा आला की पहिले दिवस वाईट. अंग मोडतं, ओकाऱ्या होतात, नाकाडोळ्यांतून पाणी वाहतं. औषधं डॉक्टर द्यायचे, पण पाय चोळायला तांडेल. संतोषने त्याला आईबहिणीवरून शिव्या घातल्या, एकदा लाथही मारली. तांडेल खोबरेल हातावर घेऊन म्हणतो कसा, "मार. पायात जोर आला म्हणजे. वारा पडेल रे बाबा, आज नाय तर उद्या पडेल."

गणपती जवळ आले. कोकणात गणपतीला पोरगा घरी नाही म्हणजे घराला काहीतरी झालंय. आम्ही गाडी ठरवून त्याला न्यायला गेलो. बायकोने नवीन शर्ट घेतलेला.

तांडेल दारातून हलला नाही. "वैनी, नाय सोडीत."

"गौरी गेल्या की आणून घालते हो. लोक काय म्हणतील?"

"लोकांना म्हणायचं ते आजपण म्हणतायत."

मी तापलो. "तुझ्या घरी गणपती असता तर कळलं असतं तुला."

"माझ्या घरी ईद असते, भाऊ. आतल्या सलीमची आय ईदला अशीच रडून गेली." मग तो बायकोकडे वळला. "गणपतीला मुंबईचे चाकरमानी येणार. त्यांच्यात ह्याचे ते दोस्त पण येणार. आता त्याचं अंग धुतलेलं हाय. आधी सोसायचं तेवढं आता ओढलंन तर जागेवर जाईल. गणपतीबरोबर त्यालापण न्यायला लागेल."

सणाच्या तोंडावर असं अभद्र बोलणं! मी गेटची कडी धरून हलवायला लागलो. आतून संतोष ओरडत होता, "आये, मला ने गो!" बायको तिथेच खाली बसली. मग पदराने तोंड पुसून उठली, शर्ट तांडेलाच्या हातात दिला. "गणपतीदिवशी त्याला हा घाला," एवढंच बोलली आणि गाडीत जाऊन बसली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मी कडी सोडली.

आरतीच्या वेळी तांडेलाने फोन लावून दिला. इकडे आम्ही, तिकडे संतोष. त्याच्या आवाजामागे कोणीतरी ताल सोडून टाळ्या वाजवत होतं. बायको आरती म्हणता म्हणता हसली. "हा तांडेल बोटीवर तालात जाळं कसं ओढायचा हो?" म्हणाली.

पोरगा बरा होऊन आला. लांज्याला काजूच्या कारखान्यात लागला. आईला त्याने पगारातून साडी घेतली, ती नेसून ती अख्ख्या वाडीत फिरली. मग तिचं काळीज थांबलं. आजारी नाही, काही नाही.

तांडेल यंदा पावसाळ्यात गेला. माती द्यायला मी आणि संतोष हर्णेला जाऊन आलो. सगळे त्याला बोटीवरचा म्हणून आठवत होते. मला तो आठवतो आमच्या अंगणातला, बायको गेली तेव्हाचा.

बायकोची राख सावडून आम्ही नदीवरून परतलो होतो. घर माणसांनी भरलेलं. तांडेल एसटीने आला, घामाघूम. माझं सांत्वन नाही, काही नाही. पहिलं विचारलं, "पोरगा कुठाय?"

"नदीवर. मागून येतो म्हणाला."

"एकटा?"

भावजयीने चहा पुढे केला होता. तो तसाच ठेवून म्हातारा हातातली काठीही तिथेच विसरून उतारावरून निघाला. मी मागोमाग.

वरच्या बांधावरून मला दिसलं. संतोष कातळावर बसून मोठ्याने रडत होता. तांडेल त्याच्या बाजूला टेकला. गप्प हो म्हणाला नाही, पाठीवर हात फिरवला नाही. नुसता बसला, पाण्याकडे बघत. पोरगा रडत राहिला आणि तो बसून राहिला.

मी खाली गेलो नाही. ती गेल्यापासून पोटात अन्न जात नव्हतं. तिथे उभ्याउभ्या मला भूक लागली. घरी येऊन भावजयीला म्हटलं, तिघांचा भात टाक.