पाण्याखाली उमटलेली बोटं

कचेरीत कुणी भुताखेताचा विषय काढला, की मी चहाचा कप घेऊन उठून जाणारा माणूस. घराला लिंबू-मिरची कधी टांगू दिली नाही, अमावस्या पाहून प्रवास टाळला नाही. आजही माझा अशा गोष्टींवर विश्वास आहे असं म्हणवत नाही. पण जे घडलं ते माझ्याच घरात घडलं... मन हलकं होत नाही, म्हणून लिहितो आहे.

महाराष्ट्र राज्य होऊन फार दिवस झाले नव्हते. माझी बदली बुलढाण्याला झाली आणि एका जुन्या बंगल्याचा मागचा भाग भाड्याने मिळाला — दोन खोल्या आणि न्हाणीघर. बंगला कुण्या इंग्रज साहेबाचा, त्यामुळे न्हाणीघरात चक्क टब होता. भिंतीला लागून विटांत बांधलेला, आतून पांढऱ्या फरश्या. माझी बायको सुमन त्यात गोधड्या भिजवायची.

पुढे आमच्या गावी, अमडापूरला, माझ्या वडिलांना अर्धांगवायू झाला. उजवं अंग पूर्ण गेलं. वाचा गेली, एकच शब्द उरला — "हाव," म्हणजे हो. जेवता का? हाव. दुखते का? हाव. नाही ना दुखत? तरी हाव.

गावी थोरला भाऊ दिवसभर शेतात, वहिनी वारलेली. म्हणून मी बाबांना बुलढाण्याला आणलं. पाठीला जखमा होऊ लागल्या तेव्हा डॉक्टर म्हणाले, कोमट पाण्यात झोपवून अंघोळ घाला, नाहीतर जखमा चिघळतील. टब होताच. पण फरश्यांच्या सांधी उघडलेल्या... नळ दिवसाआड सकाळी यायचा, आम्ही टब भरायचो आणि पाणी गरम होऊन बाबांना आणेपर्यंत तो अर्धा रिकामा. मग सुमन विहिरीवरून घागरी आणायची.

मी सांधी बुजवायला बसलो. खिडकीच्या काचा बसवायला सुतार जी लांबी वापरतात — खडूची भुकटी आणि जवसाचं तेल — ती मळून फटीत भरली. नळ आला, टब भरला, आणि दुपारपर्यंत लांबीच्या सुरळ्या सुटून तळाशी पडल्या होत्या.

"लांबी खिडकीले लावतेत, हौदाले नाई," सुमन म्हणाली. "मामाजींचं करायले मी नाई म्हनत नाई. पन पानीच टिकत नाई तं मी काय करू? घागरी वाहून माही कंबर गेली."

"शेवटचं एकदा लावून पाहतो. टबानं पानी धरलं तं बाबा इथं राहतील. नाई तं दादाले बोलावतो."

हे बोलणं न्हाणीघराच्या दारात झालं. बाबांची खाट पलीकडच्या खोलीत, भिंतीला लागूनच. त्यांनी ऐकलं असणार.

दुसऱ्यांदाही लांबी निघाली. मी सगळी खरवडून काढली, उरलेला गोळा वाटीत ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवला आणि अमडापूरला निरोप धाडला. गावी गेल्यावर बाबांचं काय होईल हे मला कळत नव्हतं असं नाही. गोठ्याशेजारच्या खोलीत, दिवसभर एकटे...

दादा येणार त्याच्या आदल्या दिवशी बाजार होता. बाबांबरोबर द्यायला धोतर आणि घोंगडी घ्यायची म्हणून आम्ही दोघं गेलो. बाबा झोपले होते. बाहेरून कुलूप लावलं. समोरच्या ओसरीवर रहीमचाचा शिलाई मशीन घेऊन बसत, त्यांना लक्ष ठेवायला सांगितलं.

"बेफिकीर जा भाऊ. मी इथंच हाय. माशीले बी नाव विचारतो."

त्या दिवशी नळ नव्हता. घरातलं पिंप सकाळीच तळाला गेलं होतं, त्यावरून सुमनची चिडचिड झालेली, म्हणून मला पक्कं आठवतं.

परत आलो. कुलूप जसंच्या तसं. सुमन पाय धुवायला न्हाणीघरात गेली आणि तिथूनच म्हणाली, "अहो... नळ आला होता का?"

टब काठोकाठ भरला होता. पाणी अगदी स्थिर. आणि पाण्याखाली, चारी बाजूंच्या सांधीत, पांढरी ताजी लांबी भरलेली. वाटीत नुसतं फडकं उरलं होतं.

मी हात घातला. लांबी मऊ होती. ज्याने कधी लांबी लावली आहे त्याला विचारा — ओल्यावर ती चिकटत नाही, पाण्याखाली तर नाहीच. कोपऱ्यात तळाशी चार बोटं उमटली होती. त्यातल्या करंगळीशेजारच्या बोटाचं एक पेर कमी.

आमच्याकडे धान्याची कणगी भरली की तोंड शेणामातीने लिंपतात आणि घरधनी ओल्या लिंपणावर उजव्या हाताची बोटं उमटवतो. कडबा तोडताना बाबांच्या त्या बोटाचं पेर गेलं होतं. आमच्या कणग्यांवरची ती खूण मी लहानपणापासून पाहत आलो आहे.

धावत खोलीत गेलो. बाबा जसे ठेवले तसे होते. चादर कोरडी, कपडे कोरडे. डावा हात कोरडा. उजवा, मेलेला हात मी उचलला तर बोटं पांढरी पडलेली, सुरकुतलेली... फार वेळ पाण्यात राहिल्यावर होतात तशी.

"बाबा, तुम्ही केलं?"

"हाव."

"कोनी आलं होतं का?"

"हाव."

"का मीच लावून गेलो होतो सकाळी?"

"हाव."

रहीमचाचांना बोलावलं. कुणी आलं नव्हतं, याची त्यांनी शपथ घेतली. टबात वाकून त्यांनी एक सांध बोटाने चाचपली. मग म्हणाले, "उमर गेली भाऊ कपडे शिवता शिवता. पान्यात टाका घातलेला नाई पायला कधी."

दुसऱ्या दिवशी पाणी बोटभरही उतरलं नव्हतं. दादा आला.

"काय बे, गाठोडं बांधलं नाई अजून? मी काय पाहुनचाराले आलो का?"

"बाबा इथंच राहतील."

"मंग मले काऊन बोलावलं? तुहं डोकं ठिकानावर हाय ना?"

आदल्या संध्याकाळी सुमनने मला हळूच विचारलं होतं, "आता पाठवलं तं काय होईल हो?"

बाबांच्या जखमा भरल्या. ते आणखी दोन वर्षं जगले, त्याच टबात अंघोळ करत. टब कधी गळला नाही. बाबांचा हातही कधी हलला नाही. हे मी खात्रीने सांगतो, कारण मी पाळत ठेवली. ते झोपले की मी तो हात उचलायचो आणि सोडून द्यायचो. धपकन पडायचा. एकदा असाच सोडला आणि वर पाहिलं, तर ते जागे होते. माझ्याकडे बघत होते. मी तो हात चादरीखाली सारला.

अमडापूरला लोक मला श्रावणबाळ म्हणतात. बापाचं केलं तर असं, म्हणतात. मी खाली बघतो, त्यांना वाटतं संकोच. ती लांबी कुणी लावली, पाणी कुठून आलं, हे मला आजही ठाऊक नाही. त्याहून वाईट म्हणजे, बाबांना मी माया म्हणून ठेवून घेतलं की त्या चार बोटांच्या भीतीने, हेही मला ठाऊक नाही. आणि हे दुसरं तरी मला ठाऊक असायला हवं होतं.